उजव्या सोंडेचं आम्ल

चिंचेत नेमकं काय असतं, असं कुणी मला विचारलं की माझी बायको उठून आत जाते. संसार झाला तितकी वर्षं ती ते उत्तर ऐकत आली आहे. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हाही ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली की काहीही लिहा, पण चिंचेचं लिहू नका. आता नोकरीत मी दुसरं काही केलंच नाही, त्याला माझा इलाज नाही.

महायुद्धाच्या मधल्या वर्षांत मी सांगलीत अण्णांच्या कारखान्यात केमिस्ट होतो. कारखाना म्हणजे हळदीच्या गोदामांमागची एक पत्र्याची लांबट शेड. अण्णा मूळचे हळद आणि चिंचेचे व्यापारी. हौसेने काढे, चूर्णं आणि दंतमंजन करू लागले होते. युद्धामुळे विलायती माल बंद झाला आणि टार्टरिक आम्ल मिळेनासं झालं. औषधात, सरबतात, फसफसणाऱ्या क्षारांत सगळीकडे ते लागतं. चिंचेचा आंबटपणा तो त्याचाच, हे अण्णांना कुणीतरी सांगितलं. चिंच त्यांच्याकडे डोंगराएवढी होती, फक्त केमिस्ट नव्हता. मी रसायन घेऊन बी.एस्सी. झालेला आणि दोन वर्षं शाळेत शिकवून कंटाळलेला. अण्णांनी मला ठेवून घेतलं. ते मला ‘केमिस्ट’ म्हणत, आणि बाकीची सगळी माणसं शेवटपर्यंत ‘मास्तर’च म्हणत राहिली.

कृती सांगायला सोपी आहे. चिंच गरम पाण्यात कोळायची, त्या कोळात चुना टाकायचा, म्हणजे आम्ल चुन्याशी बांधलं जाऊन तळाशी बसतं. तो साका धुऊन त्यात गंधकाचं आम्ल घातलं की चुना त्याच्याकडे जातो आणि आपलं आम्ल मोकळं होतं. त्याला चिंचेचा तपकिरी रंग असतो. तो घालवायला मी एक पायरी मध्ये घातली होती. माल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालून घटकाभर उकळायचा आणि वर येणारी मळी काढत राहायचं. काहिलीतलं उकळणं आणि मळी काढणं म्हटल्यावर आमच्या भागात दुसरा माणूस शोधायची गरजच नव्हती. अण्णांनी आष्ट्याहून ज्ञानू गुळव्याला आणलं.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा. रस आटत आला की काहील कोणत्या क्षणी उतरायची हे तो ठरवतो. क्षणभर आधी उतरली तर गूळ पाझरतो, क्षणभर उशीर झाला तर करपतो, आणि कुणाच्या वर्षभराच्या उसाचं काय होणार हे त्याच्या एका शब्दावर असतं. ज्ञानू पन्नाशीचा, काटक आणि कमी बोलणारा होता. थर्मामीटर मी त्याला मोठ्या अभिमानाने दाखवला, तेव्हा तो बराच वेळ बघून म्हणाला की हे चांगलं आहे, पण ह्याला वास येत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांचं पत्र आलं. ते अडुळशावर संशोधन करत होते. त्यांना दहा तोळे शुद्ध टार्टरिक आम्ल हवं होतं. मालाची मागणी किरकोळ होती, पण प्राध्यापकांनी पसंतीचं पत्र दिलं तर मुंबईचे औषधवाले आमच्या दारात उभे राहतील, असा अण्णांचा हिशेब. ‘केमिस्ट, ह्यात काही कमी पडता कामा नये,’ असं त्यांनी मला तीनदा बजावलं. आम्ही काळजीने घाणा लावला. कॉस्टिकची उकळण ठरली तो दिवस नेमका कुंडलच्या कुस्त्यांचा निघाला.

कुस्ती हा माझा तेव्हाचा रोग होता. उकळण तर घटकाभराचीच होती, तीही संध्याकाळी लागायची, आणि तोवर मी परतणार होतो. मी ज्ञानूला सांगितलं, ‘मी येईपर्यंत आच सोडू नकोस,’ आणि दुपारच्या गाडीने कुंडलला गेलो. मुख्य जोड सुटता सुटेना. शेवटी ती बरोबरीत सोडवली आणि मी स्टेशनावर पोचलो तेव्हा परतीची गाडी गेलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात शिरलो, तर चुलवण धडधडत होतं आणि ज्ञानू तांबारलेल्या डोळ्यांनी काहिलीशी उभा. माल दाटला की पाणी घालायचं आणि परत आटवायचं, असं त्याने रात्रभर केलं होतं. मी ओशाळून म्हटलं की आता उतर. त्याने उतरवलं आणि तिथेच भिंतीशी जाऊन झोपला.

आम्ल मात्र असं पांढरंशुभ्र निघालं की मला माझ्या कुंडल-यात्रेचा अभिमानच वाटला. स्फटिकांचा घाट जरासा निराळा होता. मी त्याला शुद्धता समजलो. दहा तोळे पुण्याला रवाना झाले.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. प्राध्यापकांनी सभ्य भाषेत लिहिलं होतं की आम्ल स्वच्छ आहे, वजनाला बरोबर आहे, आंबटही आहे, पण ते प्रकाश वळवत नाही, सबब आम्हांस निरुपयोगी आहे.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. मग बरणीतली चिमूट जिभेवर टाकली आणि डोळे मिटून म्हणाले, ‘आंबट आहे. आंबट मागितलं, आंबट दिलं. प्रकाश वळवायचा करार कधी झाला होता?’

इथे वाचकांना थोडा त्रास देतो. चपलेला जशी डावी आणि उजवी असते, तशी काही पदार्थांच्या कणांनाही असते. आकार तोच, वजन तेच, चवही तीच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. झाड सहसा एकाच पायाची चप्पल करतं, आणि चिंच उजव्या पायाची. विशिष्ट चाळणीतून गाळलेला प्रकाश अशा आम्लाच्या पाण्यातून सोडला तर तो उजवीकडे वळतो, आणि किती वळला हे नळीच्या यंत्रात मोजता येतं. प्राध्यापकांना हे का हवं होतं? अडुळशातून काढलेल्या द्रव्यात डावं-उजवं दोन्ही मिसळलं गेलं होतं आणि त्यांना ते वेगळं करायचं होतं. डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे अंधारात ओळखायचं तर हातात एकाच पायाची चप्पल हवी. आम्ही त्यांना दोन्ही पायांच्या सारख्या चपला पाठवल्या होत्या. उजवं आम्ल प्रकाशाला इकडे ओढतं, डावं तिकडे, आणि कुस्ती बरोबरीत सुटते.

हे झालं कसं, ते मी त्याच रात्री कॉलेजातलं जाडं पुस्तक काढून पाहिलं. बारीक टाइपातली एक ओळ होती. तीव्र कॉस्टिकात फार वेळ उकळल्यास निम्मं आम्ल पालटून डावं होतं. फार वेळ म्हणजे किती, हे मला कुंडलच्या मैदानाने सांगितलं होतं.

सकाळी अण्णांनी मला विचारलं. मी म्हणालो की उकळण फार झाली. ते म्हणाले, ‘म्हणजे ज्ञानूनं गुळासारखं आटवलं. गुळाची सवय. तरी मी म्हणत होतो.’ त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. कुस्त्यांना गेलो होतो, गाडी चुकली, मी येईपर्यंत सोडू नकोस असं मीच सांगितलं होतं, एवढी तीन वाक्यं. माझ्या नोकरीला वर्षही झालं नव्हतं. मी गप्प बसलो. ज्ञानू समोर उभा होता, त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, डोक्याचा पटका नीट केला आणि अण्णांना रामराम करून आष्ट्याला निघून गेला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण गुऱ्हाळांचा हंगाम ऐन भरात आला होता, आणि ज्ञानूने सांगलीत काहील बिघडवली ही बातमी त्याच्या आधी आष्ट्याला पोचली. काय शिजत होतं ते कुणी विचारलं नाही. आष्ट्याहून हळद घेऊन येणारा गाडीवान सांगायचा की ज्ञानूला ह्या वर्षी कुणी काहिलीला हात लावू देत नाही. गुळव्याचं नाव गेलं की त्याचं सगळंच गेलं.

नवा घाणा लावावा म्हटलं तर जुनी चिंच संपलेली, नवी धरायला अजून अवकाश. गंधकाचं आम्ल जेमतेम एक बाटली उरलं होतं, आणि बेचाळीसनंतरच्या त्या दिवसांत सातारा जिल्ह्याच्या आसपास कुणी आणखी मागितलं असतं तर बाँब करतो म्हणून पोलीस आधी त्याच्याच घरी आले असते. हातात होता तो फक्त बिघडलेला माल. त्यातलं निम्मं चोख उजवं होतं, पण ते काढणार कसं?

त्याच जाड्या पुस्तकात एक गोष्ट होती. शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने ह्याच मिश्र आम्लाचं सोडा आणि अमोनिया घालून मीठ केलं. मोठे स्फटिक वाढू दिले. भिंगातून पाहिलं तर काहींचा उजवा खांदा तिरपा छाटलेला आणि काहींचा डावा. त्याने ते चिमट्याने एकेक वेचून दोन ढीग केले. मात्र हे थंडीतच जमतं. हवा तापली की दोघं एकाच स्फटिकात घुसून बसतात आणि मग देवालाही वेगळे करता येत नाहीत. आमचा पौष चालू होता, ही एकच गोष्ट माझ्या बाजूने होती.

अमोनियासाठी कल्हईवाल्याकडून नवसागर आणला आणि तो चुन्याबरोबर तापवला. सगळ्या पेठेचे डोळे पाण्याने भरले. बिघडलेलं आम्ल सोडा आणि त्या अमोनियाबरोबर पाण्यात विरघळवलं, ते पाणी परातींत ओतून वर मलमल बांधली आणि गोदामाच्या तळघरात ठेवून दिलं. आठ दिवस मी तिथे श्वाससुद्धा हळू घेत होतो. नवव्या दिवशी परातीत तुरीच्या डाळीएवढे स्वच्छ स्फटिक बसले होते. पहिला चिमट्यात धरला, भिंग लावलं, आणि उजव्या खांद्यावर तो इवलासा तिरपा काप दिसला. मला रडू आलं, हे कबूल करायला आता हरकत नाही.

दिवसभरात मी बोटावर मोजण्याइतके वेचले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. तेव्हा शेजारच्या गोदामात हळद निवडणाऱ्या बायका आठवल्या. गोल गठ्ठे, लांबट बोटं, किडकं, चांगलं, हे त्या बोलता बोलता वेगळं करत आणि नजर कधी चुकत नसे. त्यांची पुढारी सगुणाबाई. मूळची म्हसवडकडची, मेंढरांमागे वाढलेली. दोनशे मेंढरांत आपलं कोकरू तोंडावरून ओळखायची ती. अण्णांनी तिला आणि आणखी तिघींना माझ्याकडे पाठवलं.

चपलेचं उदाहरण मी त्यांना दिलं नाही, ते खायच्या वस्तूला बरं दिसेना. गणपतीच्या सांगलीत बसून डावं-उजवं सांगायचं तर दुसरं काय सुचणार? मी म्हटलं, हे बघा, हा काप उजव्या अंगाला असेल तर तो उजव्या सोंडेचा, डाव्या अंगाला असेल तर डाव्या सोंडेचा. उजवे ह्या वाटीत, डावे त्या वाटीत.

सगुणाबाईने चिमटा खाली ठेवला. ‘आवं मास्तर, उजव्या सोंडंचा लय कडक असतुया. पारोशानं शिवायचा न्हाई.’

मी म्हणालो की हा गणपती नव्हे, मीठ आहे. ती म्हणाली की सोंड तुम्हीच म्हणालात. त्या दिवशी काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी चौघी नदीवर अंघोळ करून, धुतलेलं नेसून, उपाशीपोटी आल्या. उजव्या वाटीखाली त्यांनी पाट ठेवला. डावी वाटी जमिनीवर. अण्णा कौतुकाने डोकावले, तर त्यांना चपला काढून आत यावं लागलं, आणि आल्यावर हातही धुवायला लावले. माझ्या प्रयोगशाळेत इतकी स्वच्छता ना त्यापूर्वी कधी होती, ना नंतर झाली.

तिसऱ्या दिवशी त्यांची बोटं लाल झाली. वर्षानुवर्षांची हळद मुरलेली ती बोटं, त्यांना अमोनियाचा अंश लागला. मी घाबरलो, आता ह्या पळणार. पण हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. फक्त चिमटा सोडून बोटांनी उचलतात हे मला त्यावरून कळलं, आणि मी चिमट्याचा आग्रह धरला. त्यांनी तो मानला, कारण कडक देवाला हात न लावलेला बरा, हे त्यांनाही पटलं.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. उजवी वाटी फार हळू भरत होती. पुस्तकाप्रमाणे दोन्ही ढीग सारखे व्हायला हवेत, आणि इथे डावं दुप्पट. मी डावी वाटी तपासली, तर त्यात उजवे कितीतरी. मी जरा चिडूनच विचारलं, ‘सगुणाबाई, हे उजवे इकडे का टाकलेत?’

तिने एक स्फटिक माझ्यापुढे धरला. त्याच्या खांद्याचा जरा टवका उडालेला होता. ‘ह्याची मनाला खात्री न्हाई. कडक देवाच्या पाटावर वंगाळ गेलं तर पाप कुनाच्या माथी? डावा भोळा असतुया, समद्यांस्नी पोटात घेतुया. म्हनून ज्याची शंका, त्यो डाव्याकडं.’

मी तिच्याशी वाद घालणार होतो, तोच लक्षात आलं. मला डाव्याचं काय करायचं होतं? मला हवं होतं फक्त उजवं, ज्यात एकही परका नको. शुद्धतेचा एवढा चोख नियम मला बी.एस्सी.त कुणी शिकवला नव्हता.

पाटावरच्या वाटीतल्या मिठातून गंधकाच्या आम्लाच्या त्या उरलेल्या बाटलीच्या जोरावर आम्ल मोकळं केलं, वाळवलं आणि पुण्याला पाठवलं. ह्या वेळी उत्तर आठ दिवसांत आलं. प्रकाश उजवीकडे वळला, जेवढा वळायला हवा तेवढा पुरता वळला, आणि पूर्वी विलायतेहून येणारा मालही ह्याच्यापुढे फिका पडतो, तरी शुद्धीची रीत कळवावी. ती रीत मी त्यांना कधीच कळवली नाही.

अण्णा पत्र घेऊन पेठभर फिरले. ज्ञानूनं बिघडवलं आणि आमच्या केमिस्टनं सावरलं, असं प्रत्येकाला सांगत होते. चौथ्या दुकानाशी मला ते सहन होईना. मी त्यांना बाजूला घेतलं आणि ती तीन वाक्यं बोललो. अण्णांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, ‘कुस्ती कोण जिंकलं?’ मी म्हटलं, बरोबरीत सुटली. ‘म्हणजे तेही फुकट,’ असं म्हणून त्यांनी मला आष्ट्याला जायला सांगितलं.

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार त्या काळी चढावर उतारूंकडून ढकलून घ्यायची. तशी ढकलत मी आष्ट्याला पोचलो. गाडीवानाने सांगितलेल्या मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीशी मळ्याचा मालक स्वतः घामाघूम होऊन उभा होता, कारण त्याला मनाजोगता गुळव्या मिळाला नव्हता. शेजारी रचलेल्या ढेपा काळ्या पडल्या होत्या. आणि खाली चुलवणाच्या तोंडाशी बसून ज्ञानू चिपाडं आत सारत होता. पंचक्रोशीतला नावाचा गुळव्या जाळ घालायच्या कामावर. त्याने मला पाहिलं आणि चिपाडं सारत राहिला.

मी त्याच्याशी एकट्याशीच बोलणार होतो. पण बदनामी चौघांत झाली होती, तेव्हा मीही सगळ्यांसमोरच बोललो. काहील ज्ञानूने बिघडवली नव्हती. मी येईपर्यंत आच सोडू नकोस असं मी सांगितलं होतं, आणि मी कुस्त्यांत रमलो. तो रात्रभर माझा शब्द पाळत उभा राहिला. दोष सगळा माझा आणि मी दोन महिने तोंड शिवून बसलो. सगळे ऐकत होते. कुणी हसलं नाही. एकाने फक्त विचारलं की मास्तर, मग हे तवाच अण्णास्नी का न्हाई सांगितलं.

ज्ञानू चुलवणापासून उठला. ‘दिवेलागणीलाच झालं हुतं ते,’ तो म्हणाला. ‘वासच सांगत हुता. दोनदा उतराय गेलो, पन तुमचा शब्द हुता. तुमी शिकल्यालं. म्हनलं, ह्यात काय तरी असंल.’

मळ्याचा मालक काहिलीपासून बाजूला झाला. ज्ञानूने हात धुतले, पटका सोडून पुन्हा बांधला आणि वर आला. रस मोठ्या फुग्यांनी उकळत होता. त्याने वाफेत तोंड धरून वास घेतला आणि काहील उचलायचे बांबू धरून चार माणसं त्याच्या तोंडाकडे बघू लागली. तो मात्र माझ्याकडे वळला.

‘उतरू का, मास्तर?’

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मला त्या रसातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी म्हटलं, ‘मला काय विचारतोस? तुला वाटेल तेव्हा उतर.’

‘त्या दिशी तुमी एवढंच म्हनायचं हुतं,’ ज्ञानू म्हणाला, आणि त्याने माणसांना हात केला.